देऊळ फिरले त्या मुलखात

हिंगोलीला निघालो आहे असे सांगितले, की पुण्यातील आमच्या स्नेह्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत. एकाने विचारले, "कर्नाटकात ना?" दुसऱ्याने जरा जवळचा नेम धरून "विदर्भात" असे ठोकून दिले. शेजारच्या वहिनींनी तर "तिकडे कुणी नातेवाईक आहेत का हो?" अशी काळजीने चौकशी केली. नातेवाईक नसताना माणूस आठ दिवस हिंगोलीला कशाला जाईल, हा त्यांचा प्रश्न तसा रास्तच होता.

त्याचे असे झाले. मी तीस वर्षे शाळेत संगीत शिकवले. निवृत्त झाल्यावर पेटी कोपऱ्यात पडली होती आणि मीही जवळजवळ पडूनच होतो. माझी भाची कथक शिकलेली. आमचे ढोलकीवाले काका सत्तरी उलटलेले, पण हात अजून विशीतला. एका रविवारी चहा पिता पिता तिघांनी ठरवले, की मुलांसाठी तासाभराचा एक खेळ बसवायचा. त्यात आम्ही गायचे, नाचायचे, वाजवायचे. पण मुलांनी नुसते बघत बसायचे नाही. त्यांनी टाळ्या धरायच्या, पाय आपटायचे, आम्ही अर्धी ओळ सोडली की त्यांनी ती उचलायची. पुण्याच्या चारपाच शाळांतून हा प्रकार चांगला रंगला. हिंगोली जिल्ह्यात शिक्षक असलेल्या एका मित्राच्या कानी ते गेले आणि त्याचा निरोप आला : "सप्टेंबरात या. आठ दिवस, आठ शाळा. मानधन नाही, पण झुणका-भाकर हमखास."

रात्रीच्या गाडीने परभणी गाठले आणि तिथून सकाळची एस. टी. धरली. हिंगोली हा पूर्वी परभणीचाच भाग. १ मे १९९९ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे याचे पाच तालुके. पावसाळा सरत आलेला. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधूनच हळदीचे हिरवेगार वाफे. रुंद पानांची ती हळद वाऱ्यावर अशी डुलत होती, की भाचीला प्रथम ती केळीची रोपेच वाटली. तिच्या या वनस्पतिशास्त्रावर शेजारच्या आजीबाई मनमुराद हसल्या आणि मग पदराखालचे भुईमुगाचे दाणे काढून त्यांनी तिच्या ओंजळीत ओतले. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आम्हांला त्या आजीबाईंच्या नातवाकडून कळले. पुण्याच्या स्वयंपाकघरात रोज चिमूटभर पडणारी हळद कुठून येते, याचा विचार मी साठ वर्षांत केला नव्हता.

हिंगोली गाव निजामाच्या राजवटीत लष्करी छावणीचे ठिकाण होते. स्टेशनावरच्या पाटीवर अजून 'हिंगोली डेक्कन' असे भारदस्त नाव आहे. इथला दसरा मोठा. त्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा. आम्ही पोचलो तेव्हा दसऱ्याला अवकाश होता; मात्र शाळाशाळांतून १७ सप्टेंबरची तयारी जोरात होती. १९४८ साली त्याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर तेरा महिने या मुलखाने वाट पाहिली. त्यामुळे इथल्या मुलांना झेंडावंदनाचे दिवस आपल्यापेक्षा एकाने जास्त आहेत.

पहिल्या शाळेत आमची सपशेल फजिती झाली.

मुले रांगेत बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजींनी आधीच दम दिलेला असावा, "पुण्याचे पाहुणे येणार आहेत, आवाज नको." मी पेटी उघडली, गाणे म्हटले, आणि पुण्यात जिथे हमखास शंभर तोंडांतून उत्तर येई तिथे ओळ सोडून थांबलो. शांतता. बाहेर एक म्हैस ओरडली, तेवढाच प्रतिसाद. भाचीने घुंगरांची गंमत सांगितली, "तुम्ही टाळी द्या, मी पायांनी उत्तर देते" म्हणाली. दीडशे मुले तिच्याकडे अशी पाहत राहिली, जणू ती परीक्षा घ्यायला आलेली वरिष्ठ अधिकारी आहे.

तेव्हा काकांनी ढोलकी पुढे ओढली आणि केरवा धरला. आठ मात्रांचा साधा ताल. बारशापासून वरातीपर्यंत सगळीकडे चालणारा. दोन आवर्तने बरोबर वाजवली आणि तिसऱ्यात चक्क चुकले. पुन्हा वाजवले, पुन्हा त्याच जागी चुकले. चेहरा असा केला, की यांना आता रडू येणार. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी राहवेना म्हणून तोंडावरचे बोट काढून म्हणाली, "आजोबा, तसं न्हाई!"

"मग कसं गं माय?"

तिने टाळ्या वाजवून दाखवले. अगदी बिनचूक. काका पुन्हा मुद्दाम चुकले. आता दहा मुलांनी दुरुस्त केले, मग पन्नासांनी, आणि पाच मिनिटांत सगळी शाळा काकांना शिकवत होती. त्यानंतरचा अर्धा तास काय सांगावा! भाचीने विचारले, "तुमच्या घरात कसले कसले आवाज असतात?" एकीने सूप पाखडण्याचा ठेका हातांनी धरला. एकाने गाय पिळताना बादलीत धार कशी वाजते ते तोंडाने काढले. बादली रिकामी असताना एक आवाज, भरत आल्यावर दुसरा. तिसऱ्याने हळद पॉलिश करायच्या ढोलाचा खडखडाट इतका हुबेहूब केला, की मागे बसलेल्या गुरुजींनाही हसू आवरेना. भाचीने त्या तिन्ही आवाजांवर पाय टाकले. इतके दिवस ती सोळा मात्रांचा तीनताल नाचत आली होती. त्या दिवशी ती सूप, बादली आणि हळद नाचली.

रात्री झुणका-भाकर खाताना काका म्हणाले, "पोरांना आपण काही द्यायला आलोय असं वाटलं, की ती हात बांधून बसतात. आपल्याला काही येत नाही असं वाटलं, की धावत येतात."

काकांचे हे शिक्षण कलापथकातले. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झाले आणि त्याच्या कलापथकाने पुढे गावोगाव फिरून गाण्यानाचातून लोकांशी संवाद साधला. वसंत बापटांसारखा कवी त्यात होता, निळू फुल्यांसारखा नट त्यातून पुढे आला. पुढे १९७७ मध्ये दिल्लीच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक किरण सेठ यांनी 'स्पिक मॅके' ही चळवळ उभी केली आणि मोठमोठे कलावंत शाळा-कॉलेजांच्या सतरंजीवर मुलांसमोर येऊन बसू लागले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन या विख्यात संगीतकाराने १९५८ पासून १९७२ पर्यंत लहान मुलांसाठी मैफली केल्या. शंभर वादकांचा ताफा मागे ठेवून तो मुलांनाच प्रश्न विचारी, की संगीताचा अर्थ म्हणजे काय? आमचा तिघांचा ताफा म्हणजे त्या मोठ्या दिंडीच्या शेपटाला लागलेले वारकरी. पण रस्ता तोच.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना जरा जड जाते. गावाचे नाव देत नाही. सेनगाव तालुक्यातले एक खेडे, एवढेच पुरे.

तिथली शाळा लहान, पण पोरे पहिल्या दिवसापासून मोकळी. आमचा सवाल-जवाब सुरू झाला. काकांनी ढोलकीवर एक तुकडा टाकावा, मुलांनी तो टाळ्यांत परत द्यावा. तुकडे अवघड होत गेले तसतशी एकेक टाळी गळाली. शेवटी एकच आवाज उरला. खिडकीजवळ बसलेला चौथीतला एक मुलगा मांडीवरच्या दप्तरावर बोटांनी वाजवत होता. उजव्या हाताचा ठोका जाड, डाव्याचा बारीक आणि भरभर. काकांनी टाकलेला प्रत्येक तुकडा तो जसाच्या तसा परत देत होता आणि वर स्वतःची एक गिरकी जोडत होता.

मला अगदी भरून आले. तीस वर्षांच्या नोकरीत असा कान फार तर दोनदा भेटला होता. मी ओरडलोच, "अरे वा! हा हात हलगीचा आहे! कुणाकडे शिकलास रे?"

मुलगा गप्प. मागून कुणीतरी सांगितले, "त्याचा बाप वाजवतो." दोनचार पोरे फिदीफिदी हसली.

तिथे तरी मी थांबायचे! पण उत्साहाच्या भरात म्हणालो, "मग उद्या घरची हलगी घेऊन ये. आपण सगळ्यांसमोर तुझा कार्यक्रम करू."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग दप्तर उचलले आणि चालता झाला. पळाला नाही, सावकाश, मान खाली घालून, फाटकातून बाहेर गेला. खेळ पुढे चालू राहिला. पण काकांच्या ढोलकीत जीव नव्हता, हे मला ऐकू येत होते.

संध्याकाळी मी म्हटले, "मी तर त्याची स्तुतीच केली."

काका बराच वेळ बोलले नाहीत. ढोलकीच्या कड्या उगीचच सरकवत बसले. मग म्हणाले, "माझा बाप तमाशात ढोलकी वाजवायचा. शाळेत मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. एखाद्या मास्तरानं सगळ्या वर्गासमोर माझा हात असा ओळखून काढला असता, तर मीसुद्धा उठून गेलो असतो."

चाळीस वर्षांच्या ओळखीत काकांनी हे मला प्रथमच सांगितले. मला हलगी म्हणजे एक वाद्य होते. लाकडी किंवा लोखंडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, शेकोटीवर शेकले की खणखणीत बोलणारे. त्या कडीत आणखी काय काय ताणलेले असते, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण वर्गात उभा असताना आठवले नाही. पुस्तकातले ज्ञान बहुधा असेच असते. नेमक्या वेळी घरी राहते.

आम्ही दोघे त्याच रात्री मुलाच्या घरी गेलो. बाप अंगणात बसला होता. आम्हांला पाहून लगबगीने उठला, बाज झटकली. मी क्षमा मागितली. त्याला ते भलतेच अवघड वाटले असावे. तो पुनःपुन्हा "असू द्या साहेब" म्हणत राहिला. चहा झाला. मग हळूहळू बोलला.

"हलगीवर आमचं पोट भरलं, खोटं कामून बोलू? लग्नात वाजवली, मयताला वाजवली, पोळ्याला बैलांम्होरं वाजवली. पर वाजवणाऱ्याला मांडवात या, बसा, कुणी म्हनलं न्हाई. पोराच्या हाती पाटी-पुस्तक दिलंय. ते ऱ्हाऊ द्या."

यावर मी काय बोलणार? पुण्याच्या व्यासपीठावर 'लोककला जगली पाहिजे' असे मी अनेकदा टाळ्या घेत म्हटले आहे. ती जगवण्यासाठी कुणाच्या पोराने काय द्यायचे, हे मला तेव्हा कुणी विचारले नव्हते.

दाराआडून मुलगा ऐकत होता. काकांनी त्याच्याकडे न पाहता बापाला विचारले, "दादा, मला शिकवाल? ढोलकी येते मला. पण तुमच्या पोराने आज ती गिरकी मारली ना, ती माझ्या हातात नाही. उद्या शाळेत या. पोराने वाजवायचं नाही. तुम्ही आम्हांला शिकवायचं. तुम्ही गुरुजी, आम्ही विद्यार्थी."

बापाने खूप वेळ विचार केला. "उद्या सोयाबीनच्या फवारणीला जायचं व्हतं," एवढेच म्हणाला. मी दिवसाच्या मजुरीचे बोललो, तेव्हा काकांनी मला डोळ्यांनी दटावले आणि स्वतः म्हणाले, "मजुरी नाही, मानधन. कुठल्याही कलावंताला देतात तसं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत तो आला नाही. आम्ही खेळ सुरू करणार इतक्यात फाटकाशी दिसला. धुतलेला सदरा, डोक्याला टापशी, काखेत हलगी. मुख्याध्यापक उठले, स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी मध्यभागी आणून ठेवली आणि म्हणाले, "बसा." हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या एकदोघांनी तोंडे वाकडी केली, तेही मी पाहिले. एका खुर्चीने सगळे गाव बदलते, असे मी म्हणणार नाही.

तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच वाजवतात हलगी. पण वाजवून झाल्यावर बसला. मधला पाऊण तास मी आणि काका सतरंजीवर मांडी घालून शिकत होतो. काका चलाख, त्यांना लवकर जमले. माझ्या डाव्या हातातली बारीक काडी मात्र काही केल्या ऐकेना. मुले खो खो हसत होती. गुरुजी झालेला तो माणूस आधी संकोचला, मग रंगात आला आणि शेवटी अस्सल मास्तरांसारखा वैतागला : "आवो, मनगट सैल सोडा!"

तेवढ्यात खिडकीपाशी टाळी वाजली. माझे जिथे चुकत होते, नेमक्या तिथे. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता, बापाकडे पाहत होता; पण टाळी मला होती. मी तिच्या आधाराने पुढे गेलो. पुढच्या आवर्तनात पुन्हा टाळी. त्याने हलगीला हात लावला नाही आणि कुणी लाव म्हटलेही नाही.

निघताना तो जवळ आला. "पुन्हा कधी येणार?" मी म्हटले, "दिवाळीनंतर बघू." तर म्हणाला, "दिवाळीनंतर आमी नसतो. होळीनंतर या."

मग कळले, की दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी घरे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांच्या मोजणीचे हे माप मी प्रथमच ऐकले. पोरे आईबापांबरोबर जातात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. या मुलाचे काय करायचे ते घरात अजून ठरत होते. गुरुजी म्हणाले, "त्याला इथेच ठेवा म्हणून मी मागे लागलोय. बापाच्या मनात आहे. आई मात्र पोराला सोडायला तयार होत नाही."

परतीच्या वाटेवर आम्ही कयाधूकाठच्या नर्सीला उतरलो. हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म १२७०. टाळ-वीणा घेऊन उभे राहावे, गावे, नाचावे आणि समोरच्यांनाही आपल्याबरोबर गायला लावावे, ही कीर्तनाची रीत ज्यांनी पंजाबपर्यंत नेली आणि ज्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, ते हे नामदेव. आमच्या खेळाची कल्पना नवी आहे, असा जो थोडासा ताठा माझ्यात होता तो तिथे पार उतरला.

तिथून औंढ्याला गेलो. नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. खालचे बांधकाम यादवकालीन, दगडी, शिल्पांनी भरलेले. वरचे मागाहून उभारलेले. गाभारा तळघरात, वाकून उतरावे लागते. इथली मोठी नवलाई म्हणजे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. त्याची कथा लहानथोरांना ठाऊक आहे. शिंप्याच्या नामदेवाने देवळापुढे कीर्तन मांडले, तेव्हा त्याला मागे जायला सांगण्यात आले. तो मागे जाऊन गाऊ लागला, आणि देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी राहिला तिथेच.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती आणि चमत्कार म्हणून सोडून दिली होती. त्या दिवशी नंदीजवळ उभे राहून काका एवढेच म्हणाले, "नामदेवाला पुढं नाही बोलावलं. देऊळ गेलं त्याच्याकडं."

याच औंढा तालुक्यात 'लायगो' नावाची वेधशाळा उभारायची योजना आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि काम काय, तर दूरच्या आकाशात कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर त्याचा इवलासा थरथराट टिपायचा. अमेरिकेत असा थरथराट प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपला गेला. तो सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. एवढ्या लांबचे ऐकण्यासाठी माणूस एवढा मोठा कान करतो आहे, याचे मला कौतुकच वाटले. आणि खिडकीजवळचे दप्तर आठवले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाची ताटे फिरत असतील. सेनगाव तालुक्यातल्या त्या घराला कुलूप लागले असेल, किंवा आत आजी आणि एक मुलगा असेल. मला अजून कळलेले नाही. गुरुजींना पत्र टाकले आहे. होळीनंतर आम्ही तिघे पुन्हा जाणार आहोत, एवढे मात्र ठरले आहे. तोवर रोज सकाळी मी जेवणाच्या टेबलावर दोन काड्यांनी सराव करतो. मनगट अजून सैल सुटत नाही.